दर्याचें पीक आणि सरकारची मदत

सन २०२५ च्या एप्रिल महिन्यांत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें मासेमारीच्या धंद्यास शेतीचा दर्जा देण्याचा ठराव केला. वीज, कर्ज, विमा इत्यादि बाबतींत शेतकऱ्यास ज्या सवलती मिळतात त्या मच्छीमारासही मिळाव्या, असा त्या ठरावाचा मथितार्थ आहे. हा ठराव फार पूर्वींच व्हावयास पाहिजे होता; तरी उशिरां कां होईना तो झाला, याबद्दल आम्ही सरकारचें अभिनंदन करतों. शेतकऱ्याची स्थिति पाहतां, कोळ्यानें शेतकरी ठरल्याबद्दल पेढे वाटावे कीं काय, अशी थट्टा कोणी करील. पण ती थट्टा आज आम्हांस करावयाची नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें निराळेंच. जी मदत शेताला लागू पडते तीच समुद्रालाही लागू पडेल काय? नव्या होड्या, नवीं यंत्रें, नवीं जाळीं यांस सरकारनें सढळ हातानें पैसा दिला म्हणजे दर्याचें पीक आपोआप वाढेल, अशी जी समजूत सरकारी कचेऱ्यांत व आमच्या व्यापारी मंडळींत सरसहा आढळते, ती खरी आहे काय? या प्रश्नाचें उत्तर घाईनें देण्यासारखें नाहीं. कारण त्यावर आमच्या साऱ्या कोंकणपट्टीचें भवितव्य अवलंबून आहे.

सरकारास दोष देण्यापूर्वीं आमच्या स्वतःच्या दोषाची कबुली दिलेली बरी. एके काळीं समुद्र ओलांडून विलायतेस गेलेल्या गृहस्थास प्रायश्चित्त द्यावें कीं देऊं नये, याविषयीं आमच्या पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतून मोठमोठे वाद होत असत. तो वाद आज कोणास आठवतही नाहीं. ज्यांच्या पणज्यांनीं प्रायश्चित्ताचा आग्रह धरला त्यांचीं पणतवंडें आज विमानानें अमेरिकेस जाऊन येतात. परंतु समुद्राकडे पाठ फिरविण्याची आमची जी जुनी खोड, ती या वादाबरोबर गेली असें मात्र नाहीं. मासळी आम्हांस ताटांत पाहिजे; ती आणणारा तांडेल, ती विकणारी कोळीण, तिच्या टोपलीचा वास, हीं आम्हांस नकोत. शेतकऱ्याच्या दुःखावर आम्ही व्याख्यानें देतों. पण जून-जुलैच्या बंदीच्या एकसष्ट दिवसांत किनाऱ्यावरील घरांची चूल कशी पेटते, हें आमच्यांतील शिकलेल्या शंभर माणसांपैकीं पांचांस तरी ठाऊक आहे काय? सन २०१० च्या शिरगणतींत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गांवें मोजलीं गेलीं. इतकीं गांवें ज्या धंद्यावर जगतात त्याविषयीं सुशिक्षितांची ही उदासीनता असेल, तर त्या धंद्याच्या नांवानें निघालेला सरकारी पैसा कोठें जातो हें पाहणार कोण?

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. शेतकऱ्यानें नवा नांगर घेतला किंवा सुधारलेलें बी पेरलें, तर त्याच्या शेतांत पीक वाढतें. शेजाऱ्याच्या शेतांतील एक कणीसही त्यामुळें कमी होत नाहीं. समुद्राची गोष्ट अगदीं उलट आहे. समुद्राला बांध नाहीं, कुंपण नाहीं, सात-बाराचा उतारा नाहीं. तेथें पेरणी निसर्ग करतो आणि आपल्या हातीं राहते ती केवळ कापणी. मग कापणीचीं हत्यारें वाढवीत गेल्यानें पेरणी कशी वाढणार? मोठ्या यंत्रानें मासा निर्माण होत नाहीं; तो अधिक लवकर व अधिक दूरवरून उपसला जातो, एवढेंच. पहिल्या दोन-चार वर्षांत ज्याच्याजवळ यंत्र असतें त्याच्या होडींत मासळीची रास पडते. ती पाहून दुसरा कर्ज काढतो, मग तिसरा, मग चवथा. आणि शेवटीं सर्वांच्या डोक्यावर कर्ज, सर्वांच्या टांक्यांत महाग डिझेल व सर्वांच्या जाळ्यांत बोटाएवढी मासळी, असा हिशोब होऊन बसतो. म्हणून शेताला दिलेलें यंत्र हें नेहमींच साहाय्य असेल. समुद्राला दिलेलें यंत्र साहाय्यही असेल व घातही असेल. तें कोणतें ठरावें हें यंत्रावर अवलंबून नसून, तें कोणाच्या हातीं, कोणत्या नियमाखालीं व कोणत्या मर्यादेंत दिलें यावर अवलंबून आहे.

हें आमचें केवळ तर्कट आहे असें कोणी समजूं नये. आमच्याच देशाचा इतिहास याची साक्ष देतो. मद्रास इलाख्यांत सन १९०७ मध्यें मत्स्यखातें सुरूं झालें, तें सर फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याच्या खटपटीनें. खेड्यापाड्यांतून सहकारी पतपेढ्या काढाव्या अशी शिफारस सरकारास करणारे ते हेच गृहस्थ. त्यांनीं मलबारच्या किनाऱ्यावर प्रयोगाचें ठाणें उभारलें, तारली मासळीचें तेल कसें काढावें व उरलेल्या चोथ्याचें खत कसें करावें, हें तेथें प्रत्यक्ष करून दाखविलें. आणि तें पाहून खासगी लोकांचे छोटे छोटे कारखाने त्या किनाऱ्यावर उभे राहिले. येथें सरकारनें काय केलें? जी तारली ढिगांनीं किनाऱ्यावर येत असे, तिचें मोल वाढविण्याची विद्या स्वतःच्या खर्चानें सिद्ध केली, आणि ती सर्वांस खुली केली. प्रयोगाचा धोका सरकारचा, लाभ रयतेचा! सरकारी साहाय्याचा हा नमुना शंभराहून अधिक वर्षांनंतरही आम्हांस अनुकरणीय वाटतो.

याच्या शेजारीं मुंबई सरकारचा प्रयोग ठेवून पाहा. सन १९२१ च्या सुमारास मुंबई सरकारनें ‘विल्यम कॅरिक’ नांवाचें वाफेचें जहाज आणवून मुंबईच्या किनाऱ्याजवळ ओढजाळ्यानें मासे धरण्याचा उपक्रम केला. खर्च भागेना, म्हणून थोड्याच काळांत तो गुंडाळला गेला. साहेबी जहाज आलें तसें गेलें. किनाऱ्यावरच्या डोलकर कोळ्याचा त्या साऱ्या खटाटोपाशीं संबंध काय होता? एका प्रयोगांत विद्या लोकांच्या हातीं आली व खर्च थोडा लागला. दुसऱ्यांत खर्च मोठा झाला व हातीं राहिला तो जमाखर्चाचा कागद. कोणता प्रयोग फसला हें वाचकांस सांगावयास नकोच.

पण सर्वांत बोधप्रद हकीकत पुढची आहे. सन १९५२ मध्यें नॉर्वे देश, हिंदुस्थान सरकार व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यांत करार होऊन कोल्लमजवळील नींदकरा या ठिकाणीं मच्छीमारांच्या सुधारणेची योजना सुरूं झाली. योजनेचा हेतु अत्यंत उदात्त होता. गरीब मच्छीमारांच्या होड्यांस यंत्रें बसवावीं, त्यांस बर्फ मिळावा, गांवांत पिण्याचें पाणी व दवाखाना असावा, असा तो सर्वांगीण विचार होता. पुढें झालें काय? ओढजाळ्यांत कोळंबी सांपडूं लागली. त्याच सुमारास परदेशांत गोठविलेल्या कोळंबीस मोठी किंमत येऊं लागली. आणि ज्यांनीं जन्मांत कधीं वल्हें हातीं धरलें नव्हतें अशा पैसेवाल्यांनीं ट्रॉलर बांधून समुद्रांत लोटले. गरिबाच्या नांवानें आणलेली विद्या सधनाच्या दारीं नांदूं लागली! सन १९७० नंतरच्या दशकांत केरळच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार व ट्रॉलरवाले यांच्यांत उघड लढा जुंपला, आणि सन १९८० मध्यें त्या राज्यास मासेमारीच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पावसाळ्यांत ट्रॉलर बंद ठेवण्याचा निर्णय तर सन १९८८ मध्यें झाला. यंत्र आधीं आलें, नियम मागाहून आला; मध्यें एक पिढी भरडली गेली. वरातीमागून घोडें म्हणतात तें यालाच.

गोमंतकांतही तेंच घडलें. शेंकडों हातांनीं किनाऱ्यावर ओढून आणावयाची रांपण ही तेथल्या मच्छीमारांची सामाईक मिळकत; तिच्यांत म्हाताऱ्यालाही वांटा, पोरालाही वांटा. सरकारी उत्तेजनानें ट्रॉलर आले, ते किनाऱ्यालगत फिरूं लागले, आणि रांपणीच्या दोऱ्या रिकाम्या येऊं लागल्या. रांपणकारांस रस्त्यावर उतरावें लागलें, तेव्हां कोठें सन १९८० मध्यें तेथेंही कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा त्याच्या पुढच्या वर्षींचा, म्हणजे १९८१ चा. म्हणजे तीन ठिकाणीं तीच चूक झाली व तीन ठिकाणीं तोच धडा मिळाला. धडा तीनदां मिळूनही आम्ही तो शिकलों असतों, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें.

आम्ही तो शिकलों नाहीं, याची साक्ष रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर मिळेल. पर्ससीन नांवाचें अवाढव्य जाळें बांगड्याच्या व तारलीच्या थव्याभोंवतीं फिरवून खालून पिशवीच्या तोंडासारखें आवळतात, आणि थवाच्या थवा एका झटक्यांत उचलतात. असलीं जाळीं वाढतां वाढतां इतकीं वाढलीं कीं, सरकारास डॉ. सोमवंशी यांची समिति नेमावी लागली, व तिच्या शिफारशीनंतर सन २०१६ मध्यें त्यांवर मर्यादा घालावी लागली. पुढें प्रखर दिव्यांच्या प्रकाशानें रात्रीं मासळी खेंचून आणण्याची युक्ति निघाली. तीवर केंद्र सरकारनें सन २०१७ मध्यें बंदी घातली. सन २०२१ मध्यें महाराष्ट्रानें आपल्या कायद्यांत दुरुस्ती करून दंडाची रक्कम लक्षावधि रुपयांपर्यंत नेली. हे सर्व नियम योग्यच आहेत. परंतु क्रम पाहा: आधीं साधन, मग हव्यास, मग तंटा, मग समिति, मग नियम, आणि सरतेशेवटीं नियम पाळावयास लावणाऱ्या गस्तीच्या नौकेची वाण! मालवणचा रापणकर व त्याचाच शेजारी पर्ससीनवाला यांच्यांत वैर माजलें, तें कांहीं त्यांच्या रक्तांत नव्हतें. तें धोरणाच्या या उलट्या क्रमांत होतें.

तर मग सरकारनें हात आंखडून घ्यावा काय? तसें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. कांहीं लोक म्हणतात कीं, धंद्यांत नवें काय करावयाचें तें व्यापाऱ्यांनीं करावें, सरकारनें त्यांत पडूं नये. हें मत समुद्राच्या बाबतींत तरी टिकत नाहीं. समुद्र कोणा एकाचा नसल्यामुळें त्याची काळजी वाहण्यांत कोणा एकाचाही फायदा नसतो. मासळीच्या जातींचें वय मोजणें, अंडीं घालण्याचा काळ शोधून काढणें, वादळाची वर्दी देणें, हीं कामें कोणताही सावकार करणार नाहीं. कारण त्याचा लाभ त्याच्या एकट्याच्या पेटींत पडत नाहीं. अशीं कामें सरकारनेंच केलीं पाहिजेत, आणि जेथें तीं केलीं तेथें फळही आलें आहे. हैदराबाद येथील समुद्र-माहितीचें केंद्र सन १९९९ मध्यें स्थापन झालें. उपग्रहांतून दिसणारें पाण्याचें तपमान व पाण्याचा रंग यांवरून मासळी कोठें जमली असण्याचा संभव आहे, हें ताडून तें केंद्र मच्छीमारांस फुकट कळवितें. यामुळें शोधांत जाणारें डिझेल वांचतें, व ही वर्दी नाखव्यास जशी मिळते तशीच लहान होडीवाल्यासही मिळूं शकते. सन २०२० च्या जूनमध्यें ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तें कांहीं न कळवतां आलें नव्हतें. त्याची आगाऊ सूचना मिळाली होती. अशा सूचनेचें मोल रुपयांत कोण करील?

दुसरें उदाहरण याहूनही लहान, पण आमच्या मतें त्याहून थोर. संरक्षित प्राणी, म्हणजे समुद्रकासव, देवमासा इत्यादि, जाळ्यांत अडकले तर जाळें कापून त्यांस सोडून देणाऱ्या मच्छीमारास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रांत सन २०१८ च्या अखेरीस सुरूं झाली. येथें धाकदपटशा नाहीं, उपदेश नाहीं. गरीब माणसानें सत्कर्म केलें तर त्याचा भुर्दंड त्याच्यावर पडूं नये, एवढाच साधा न्याय आहे. याच्या उलट, अमेरिकेनें सन २०१९ पासून आमच्या समुद्रांतील कोळंबीची आयात थांबविली. कारण आमच्या ओढजाळ्यांत कासवास निसटण्याची वाट ठेवलेली नव्हती. ती वाट ठेवणारें उपकरण कोचीनच्या केंद्रीय मासेमारी-तंत्र संस्थेनें आमच्या जाळ्यांस जुळेल असें करून दाखविलेलें होतें. शोध लागला होता, साधन तयार होतें. पण तें होडीपर्यंत पोंचलें नाहीं. म्हणजे आमच्याकडे बुद्धीची वाण नाहीं, प्रयोगशाळांची वाण नाहीं. कोचीन, मुंबई, गोवा, रत्नागिरी येथें संस्था आहेत, पंडित आहेत. वाण आहे ती प्रयोगशाळेच्या दारापासून बंदराच्या धक्क्यापर्यंतच्या वाटेची. ती वाट बांधणें हेंच खरें साहाय्य.

आतां पैशाचा हिशोब पाहूं. आमच्या व्यापारी वाचकांस तोच अधिक पटेल. केंद्र सरकारनें सन २०२० मध्यें मत्स्यसंपदेची जी मोठी योजना पांच वर्षांकरितां काढली, तिची एकूण रक्कम २०,०५० कोटि रुपये होती. त्यांत केंद्राचा वांटा ९,४०७ कोटि, राज्यांचा ४,८८० कोटि, आणि उरलेले ५,७६३ कोटि ज्यांस लाभ मिळावयाचा त्यांनीं आपल्या पदरचे घालावयाचे होते. सामान्य अर्जदारास खर्चाच्या शेंकडा चाळीस, व स्त्रिया आणि अनुसूचित जाति-जमाति यांस शेंकडा साठ साहाय्य, असा नियम होता. वरवर पाहतां हा नियम उदार दिसतो. परंतु ज्याच्या घरांत शंभरांतले साठ रुपये नाहींत, त्याला उरलेल्या चाळिसांचा उपयोग काय? तो एक तर अर्जच करीत नाहीं, किंवा दलालाकडून उचल घेऊन ते साठ भरतो, आणि मग त्या उचलीच्या बदल्यांत सारी मासळी दलाल सांगेल त्या भावानें घालतो. होडीवर नांव कोळ्याचें, होडी मात्र दलालाची! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, ही म्हण आमच्या पूर्वजांनीं असल्याच अनुदानांकडे पाहून रचली असावी, असें वाटूं लागतें.

याच योजनेच्या कागदांत आणखी एक आंकडा आहे, तो आम्ही प्रत्येक व्यापाऱ्यानें आपल्या गादीवर लिहून ठेवावा असें म्हणूं. पकडल्यानंतर वाया जाणाऱ्या मासळीचें प्रमाण शेंकडा वीस-पंचवीस आहे, तें दहावर आणावयाचें, असें सरकारनेंच तेथें उद्दिष्ट ठेविलें होतें. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. शंभर टोपल्या मासळी धरली, तर पंचवीस टोपल्या कुजून किंवा दर्जा उतरून वाया जातात, व पंचाहत्तर बाजारांत पोंचतात. नासाडी दहावर आणली, तर त्याच शंभरांतून नव्वद पोंचतील. म्हणजे एकही नवी होडी न बांधतां, एक थेंबही अधिक डिझेल न जाळतां, समुद्रांतून एकही अधिक मासा न काढतां, बाजारांत येणारी मासळी एक-पंचमांशानें वाढेल! यासाठीं काय लागतें? होडींत बर्फ ठेवावयास चांगली पेटी, बंदरावर बर्फाचा कारखाना, स्वच्छ पाणी, सिमेंटचा ओटा, डोक्यावर छप्पर, आणि खाडीकांठच्या गांवापासून बाजारापर्यंत थंड गाडी. यांत दिपवून टाकणारें कांहीं नाहीं. मंत्रिमहाशयांस ज्याच्यावर नारळ फोडावा असें भव्य जहाज त्यांत नाहीं. आणि म्हणूनच, आम्हांस भय वाटतें, हें काम मागें पडतें. नवी सुधारणा म्हणजे नवें यंत्रच, ही कल्पना आधीं डोक्यांतून गेली पाहिजे. बर्फाची पेटी वेळेवर मिळणें ही देखील सुधारणा आहे. ज्या किनाऱ्यावर ती मिळत नव्हती तेथें ती क्रांति आहे.

आणि ही सुधारणा कोणाच्या पदरांत पडेल? मुख्यतः स्त्रियांच्या. होडी पुरुष चालवितो, पण मासळी धक्क्यावर लागली कीं धंदा बाईच्या हातांत येतो. निवडणें, खारवणें, बोंबील वलांडीवर वाळत घालणें, पहांटे लिलांवांत माल उचलणें, डोक्यावर टोपली घेऊन गाडी गांठणें, दारोदार विकणें, हें सारें ती करते. तरी योजनांच्या यादींत मच्छीमार म्हटला कीं पुरुष व त्याची नौका, असेंच चित्र डोळ्यांपुढें येतें. जिच्यामुळें पकडलेल्या मासळीचे रुपये होतात, तिला बसावयास ओटा नाहीं, रात्रीं निवाऱ्यास जागा नाहीं, जवळपास शौचकूप नाहीं, अशी स्थिति जेथें असेल तेथें किनाऱ्याच्या सुधारणेच्या गप्पा व्यर्थ होत. स्त्रीशिक्षणासाठीं ज्या पिढ्यांनीं शिव्याशाप सोसले, त्यांचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रानें कोळिणीस हिशोब, पतपेढी व बाजारांतील हक्काची जागा देऊं नये, ही आमच्या सुधारकपणाला लाज आणणारी गोष्ट आहे.

एक गोष्ट बोलल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. पालघर जिल्ह्यांत डहाणूजवळ वाढवण येथें मोठें बंदर बांधण्यास केंद्र सरकारनें सन २०२४ मध्यें मंजुरी दिली. त्याचा अंदाजी खर्च ७६,२२० कोटि रुपये धरलेला आहे. म्हणजे साऱ्या देशाच्या मत्स्यधंद्यास पांच वर्षांत जेवढी रक्कम नेमली, तिच्या पावणेचौपट एका बंदरास! मोठ्या जहाजांस खोल पाणी पाहिजे, परदेशचा व्यापार वाढला पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. व्यापारी वाचकांस त्याचें महत्त्व आम्हीं सांगावें असें नाहीं. पण तेथले मच्छीमार या बंदरास विरोध करीत आले आहेत, तो अडाणीपणानें नव्हे. जेथें त्यांचें जाळें पडतें तेंच पाणी जाणार आहे, एवढें समजण्यास पंडित लागत नाहीं. शिवकालीन राज्यनीतीचें जें आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे, त्यांत आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग मानलें आहे. आणि त्याच प्रकरणांत आरमारासाठीं लांकूड तोडतांना रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावूं नये, घेणेंच पडलें तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें, असा दंडक घातला आहे. समुद्रावर सत्ता पाहिजे, पण ती रयतेच्या झाडावर कुऱ्हाड घालून नको, हें ज्यांस तीनशें वर्षांपूर्वीं कळलें, त्यांचे वारस म्हणवून घेणाऱ्यांनीं मच्छीमाराचें पाणी हें त्याचें आंब्याचें झाड आहे, एवढें तरी मानावें.

एवंच, आमचें सरकारास मागणें चार कलमांत सांगतां येईल. पहिलें, कोणत्याही नव्या साधनास पैसा देण्यापूर्वीं त्याची मर्यादा ठरवावी. किती नौका, कोणत्या पाण्यांत, कोणत्या महिन्यांत, हें आधीं लिहावें व मग अनुदान द्यावें. सन २०२३ मध्यें पापलेटास राज्यमासा ठरविलें, व चौपन्न जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासा धरूं नये असा आदेशही काढला, तो स्तुत्य आहे. पण मोजपट्टी घेऊन धक्क्यावर उभा राहणारा माणूस नसेल, तर राज्यमासा केवळ चित्रांत उरेल. दुसरें, प्रयोगाचा धोका सरकारनें उचलावा. कालवें, शिंपले, समुद्रशेवाळ, पिंजऱ्यांतील मासे यांची शेती ही खरी शेती आहे. येथें माणूस पेरतो. तींत पहिलीं दोन-तीन वर्षें तोटा येणारच. तो गरिबाच्या माथीं मारूं नये. मात्र घाईही करूं नये. तामिळनाडूंत परदेशी जातीच्या शेवाळाच्या लागवडीनें कित्येक कुटुंबांस रोजगार दिला हें जितकें खरें, तितकेंच मन्नारच्या आखातांत तेंच शेवाळ पोंवळ्यांवर पसरल्याचें आढळलें हेंही खरें. तिसरें, साहाय्य व्यक्तीपेक्षां सहकारी संस्थेस, आणि नौकेपेक्षां बर्फ, धक्का व बाजार यांस अधिक द्यावें. चवथें, दरसाल प्रत्येक बंदरावर, मराठींत, फळ्यावर लिहून हिशोब लावावा: कोणास किती दिले, त्यांतून काय झालें, व काय फसलें. फसलेलें लपवूं नये. फसलेला प्रयोग उघड सांगितला तर तो दुसऱ्याचा पैसा वांचवितो. लपविला तर तोच प्रयोग शेजारच्या जिल्ह्यांत पुन्हां फसतो.

शेवटीं दोन शब्द आमच्या व्यापारी बंधूंस. सरकारनें सर्व करावें व आपण लिलांवांत कमी भावानें उचलावें, ही वृत्ति आतां पुरे. बर्फाचा कारखाना, थंड गाडी, खारवलेल्या मासळीची स्वच्छ बांधणी, खरें वजन, रोख पैसा, हीं कामें सरकारची वाट न पाहतांही करतां येतात, आणि त्यांत नफाही आहे. आज जो दलाल बोटाएवढी सुरमई उचलतो, तो उद्यांच्या आपल्याच दुकानाचें जोतें उपटीत आहे. समुद्र आटला तर कोळी बुडेल हें खरें; पण तो एकटा बुडणार नाहीं. बर्फवाला, टेम्पोवाला, जाळीं विणणारा, डिझेलवाला, खाणावळवाला, आणि व्याजानें पैसे देणारा सावकार, सारे त्याच होडींत बसलेले आहेत.

शेतीचा दर्जा मिळाला, फार चांगलें झालें. पण शेतकरी बियाण्याचें पोतें विकून सण साजरा करीत नाहीं. घरांत उपाशी निजेल, पण बीं राखील. किनाऱ्यावरच्या जुन्या कोळ्यांस हा धर्म ठाऊक होता. नारळी पुनवेपर्यंत ते होडी वर ओढून ठेवीत, ती केवळ खवळलेल्या पाण्याच्या भीतीनें नव्हे. सरकारच्या मदतीनें हा धर्म बळकट झाला, तर ती मदत सफळ. तिनें तो मोडला, तर जेवढी मदत मोठी तेवढा अनर्थ मोठा. दर्याचें बीं राखावयाचें कीं विकावयाचें, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर मुंबईच्या कचेरींत ठरावयाचें असलें, तरी तें ठरवितांना धक्क्यावरच्या माणसास व त्याच्या घरच्या बाईस विचारलें जावें, एवढी आमची सरकारास आग्रहाची विनंति आहे.